शंभरात तेवीस की शंभरावर तीस? : अमेरिकेतील ‘फेअर टॅक्स’ वाङ्मयाची भाषिक चिकित्सा

१

करविषयक ग्रंथाचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हा प्रथमदर्शनी अनधिकार वाटण्याचा संभव आहे. कर कोणता असावा, किती असावा आणि कोणाकडून घ्यावा, हे प्रश्न अर्थशास्त्राचे व राज्यशास्त्राचे होत; त्यांत निवाडा देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखक सांगत नाही. तथापि अमेरिकेत प्राप्तिकर समूळ काढून टाकून त्याच्या जागी एकच राष्ट्रीय विक्रीकर बसवावा, अशी जी चळवळ गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे, तिचे वाङ्मय वाचू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. या वादात समर्थक सुचविलेल्या कराचा दर शेकडा २३ सांगतात, विरोधक तोच दर शेकडा ३० सांगतात. कर एक, विधेयक एक, गणितही दोन्ही पक्षांना मान्य. आणि तरीही प्रत्येक पक्ष दुसऱ्यास लबाड ठरवितो. गणिताविषयी मतभेद नसताना संख्येविषयी भांडण होत असेल, तर भांडणाचे मूळ भाषेत असले पाहिजे. एवढ्यापुरता हा विषय आमच्या कक्षेत येतो.

चिकित्सेसाठी मुख्यतः जो ग्रंथ समोर ठेवला आहे तो नील बूर्ट्झ आणि जॉन लिंडर यांचा ‘द फेअर टॅक्स बुक’ हा होय. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. बूर्ट्झ हे अटलांटा येथील रेडिओवरील लोकप्रिय वक्ते, तर लिंडर हे जॉर्जिया राज्यातून निवडून आलेले अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य. करविषयक पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी जावे, ही घटना सामान्य नव्हे. पुढे २००८ साली याच लेखकांनी टीकाकारांना उत्तर देणारे दुसरे पुस्तक लिहिले. या पुस्तकांचा वाचक अर्थतज्ज्ञ नाही. तो नोकरदार, दुकानदार, निवृत्त गृहस्थ आहे. म्हणूनच त्यांतील शब्दयोजना तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

२

योजना थोडक्यात अशी. व्यक्तींचा प्राप्तिकर, कंपन्यांच्या नफ्यावरील कर, भांडवली नफ्यावरील कर, वेतनावर बसणारे सामाजिक सुरक्षेचे कर, मृताच्या संपत्तीवरील कर आणि देणगीवरील कर हे सर्व केंद्रीय कर रद्द करावयाचे. त्यांच्या जागी नव्या वस्तू आणि सेवा यांच्या अखेरच्या, म्हणजे किरकोळ विक्रीवर एकच कर घ्यावयाचा. व्यवसायासाठी केलेली खरेदी करमुक्त. एकदा कर भरून झालेली जुनी वस्तू पुन्हा विकली तर तीही करमुक्त. मात्र डॉक्टरांची फी, घरभाडे, नवे घर, अन्नधान्य, औषधे यांपैकी कशासही सूट नाही. गरिबांवर भार पडू नये म्हणून प्रत्येक कुटुंबास त्याच्या माणसांच्या संख्येनुसार, दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावरील कराची रक्कम दरमहा आगाऊ द्यावयाची. वसुली मुख्यतः राज्यांनी करावयाची आणि ‘इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस’ हे केंद्रीय करखाते बंद करावयाचे.

ही कल्पना ह्यूस्टन येथील काही उद्योजकांनी १९९० नंतरच्या दशकात चालना दिलेल्या संघटनेतून पुढे आली. लिंडर यांनी १९९९ साली ती प्रथम विधेयकाच्या रूपाने मांडली आणि त्यानंतर ती वारंवार मांडली गेली आहे. २००८ सालच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडताना माइक हकबी यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. जानेवारी २०२३ मध्ये जॉर्जियाचेच बडी कार्टर यांनी विधेयक पुन्हा आणले. प्रतिनिधिगृहात त्यावर मतदान घडवून आणण्याची भाषा झाली, अध्यक्ष बायडेन यांनी त्याचा जाहीर उपहास केला, परंतु त्या काँग्रेसच्या मुदतीत सभागृहापुढे मतदान झालेच नाही. २०२५ च्या जानेवारीत विधेयक पुनश्च दाखल झाले. सारांश, ही योजना कायदा होत नाही आणि विझतही नाही. तिच्या या चिवटपणाचे श्रेय तिच्यातील आर्थिक युक्तिवादाला जितके आहे तितकेच तिच्या भाषेलाही आहे, असे आम्हांस वाटते.

कल्पनेत मूळचे सामर्थ्य नाही असे मात्र कोणी समजू नये. प्राप्तिकर हा मनुष्याने समाजाच्या संपत्तीत जी भर घातली तिच्यावर बसतो, तर उपभोगावरील कर हा त्याने त्या संपत्तीतून जे काढून घेतले त्यावर बसतो. दुसरा प्रकार अधिक सयुक्तिक आहे, असे मानणारे विचारवंत पूर्वापार होत आले आहेत. शिवाय अमेरिकेचा प्राप्तिकर कायदा इतका गुंतागुंतीचा आहे की, सामान्य माणसास आपले विवरणपत्र भरण्यासाठी विकतचे साहाय्य घ्यावे लागते. या त्राग्याला पुस्तकाने जी वाचा फोडली आहे ती खरी आहे, आणि तो भाग आजही वाचनीय आहे.

३

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विधेयकात दर असा सांगितला आहे की, ग्राहकाने दिलेल्या एकूण रकमेपैकी शेकडा २३ हा कर. म्हणजे ग्राहकाने शंभर डॉलर दिले तर दुकानदारास ७७ मिळतात आणि सरकारास २३. हीच घटना दुकानदाराच्या बाजूने पाहिली तर ७७ डॉलर किमतीच्या मालावर २३ डॉलर कर चढला. २३ ला ७७ ने भागले असता येतात शेकडा २९.८७, म्हणजे जवळजवळ ३०. पहिल्या रीतीस कराचा अंतर्भाव करून काढलेला दर म्हणतात, दुसरीस कर वगळून काढलेला.

मराठी वाचकास हा भेद परका नाही. शाळेतील अंकगणितात ‘खरेदीवर शेकडा नफा’ आणि ‘विक्रीवर शेकडा नफा’ अशी दोन प्रकारची उदाहरणे आपण सोडविली आहेत, आणि प्रश्नातील तो एक शब्द न वाचल्यामुळे गुणही गमावले आहेत. किंबहुना आपल्या भाषेत हा भेद दाखविण्याची सोय अंगभूत आहे. ‘शंभरात तेवीस’ म्हटले की तेवीस हे शंभराच्या पोटातले. ‘शंभरावर तीस’ म्हटले की तीस हे शंभराच्या बाहेरचे, वरचे. सप्तमीचा ‘त’ आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय या दोहोंतच सगळा वाद सामावलेला आहे. बाजारात व्यवहार करणारा निरक्षर मनुष्यदेखील या दोहोंत गल्लत करीत नाही.

परंतु दर सांगताना आपण असे पूर्ण वाक्य बोलत नाही. ‘तेवीस टक्के विक्रीकर’ असे संक्षिप्त पद वापरतो, आणि त्यात ‘त’ही नसतो, ‘वर’ही नसतो. इंग्रजीतही नेमके हेच होते. ‘ट्वेंटीथ्री पर्सेंट सेल्स टॅक्स’ या शब्दसंहतीत शंभर कशाचे हे सांगणारे पद गळालेले आहे. अशा अध्याहृत पदाची जागा ऐकणारा आपल्या सवयीने भरून काढतो. अमेरिकी ग्राहकाची सवय कोणती? त्या देशातील ४५ राज्यांत राज्याचा विक्रीकर आहे. बहुतेक ठिकाणी वस्तूवरील चिठ्ठीत कर धरलेला नसतो. तो गल्ल्यापाशी वर चढविला जातो, आणि त्याचा दर नेहमी ‘शंभरावर’ या हिशेबाने सांगितला जातो. तेव्हा ‘विक्रीकर’ या शब्दाबरोबर ‘२३’ ही संख्या कानी पडताच अमेरिकी मनुष्य शंभर डॉलरच्या वस्तूचे १२३ होतील असेच समजणार. प्रत्यक्षात ते १३० होतील. ‘विक्रीकर’ या नामाने जागविलेली अपेक्षा आणि ‘२३’ या संख्येमागील हिशेब यांत मेळ नाही.

समर्थकांचे यावर उत्तर आहे, आणि ते पोकळ नाही. प्राप्तिकराचा दर ‘शंभरात’ याच रीतीने सांगतात. शंभर डॉलर मिळविणाऱ्याने २३ प्राप्तिकर दिला तर आपण तो कर २३ टक्के म्हणतो, हाती उरलेल्या ७७ वर ३० टक्के म्हणत नाही. मग ज्या प्राप्तिकराची जागा हा नवा कर घेणार, त्याच्याशी तुलना करण्यासाठी तीच रीत वापरली तर बिघडले कोठे? तुलनेपुरते पाहता काहीच बिघडले नाही. त्यांच्या साहित्यात या दोन रीतींचा खुलासाही केलेला आढळतो. तेव्हा त्यांनी ३० हा आकडा दडवून ठेवला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दोष आहे तो येवढाच की, खुलासा पानांच्या आत आहे आणि २३ हा आकडा घोषणेत आहे. घोषणा हजारो मुखांतून जाते. खुलासा तिच्याबरोबर प्रवास करीत नाही.

या दोन रीतींतील अंतर दर लहान असताना जाणवत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. शंभरात ५ म्हणजे शंभरावर ५.२६, फरक नगण्य. शंभरात १० म्हणजे शंभरावर ११.११. शंभरात २३ म्हणजे ३०. आणि शंभरात ५० म्हणजे शंभरावर १००! दर जसजसा वाढतो तसतसे हे अंतर रुंदावत जाते. राज्यांच्या पाच-सहा टक्के विक्रीकरावर पोसलेली भाषिक सवय एवढ्या मोठ्या दराच्या कराला अपुरी पडते. ज्या संक्षेपाने आजवर कोणाचे नुकसान केले नाही, तोच येथे फसवा ठरतो.

४

संख्येनंतर नाव. ‘फेअर’ आणि ‘टॅक्स’ हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून चळवळीने एक विशेषनाम तयार केले आहे. विशेषणाचे विशेषनाम झाले म्हणजे त्याची परीक्षा थांबते. ‘हा कर न्याय्य आहे’ हे विधान आहे, त्यास ‘कशावरून?’ असा प्रश्न विचारता येतो. ‘न्याय्य-कर’ हे नाव झाले की प्रश्न विचारणे अवघड होते, कारण नावास पुरावा लागत नाही. शिवाय विरोधकास त्याच नावाने योजनेचा उल्लेख करावा लागतो, आणि आपण न्यायाविरुद्ध बोलत आहोत असा आभास त्याच्याच तोंडून निर्माण होतो.

मराठीत ‘फेअर’चा सर्वांत जवळचा प्रतिशब्द बहुधा ‘रास्त’ हा होईल. मूळ फारसी अर्थ सरळ, खरा. ‘रास्त भाव दुकान’ या आपल्या परिचयाच्या शब्दप्रयोगात ‘रास्त’ हे विशेषण दुकानाचे नसून भावाचे आहे, आणि तो भाव रास्त का, हे ठरविण्यास बाहेरचे प्रमाण उपलब्ध असते: सरकारने बांधून दिलेला दर आणि खुल्या बाजारातील दर. ‘फेअर टॅक्स’मधील रास्तपणाला असे बाहेरचे प्रमाण कोणते? पुस्तकाचे उत्तर असे की, सर्वांना दर एकच, आणि जितका खर्च अधिक तितका कर अधिक. हे उत्तर तपासण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, एका कुटुंबाच्या बाबतीत दारिद्र्यरेषेचा खर्च वर्षाला ३०,००० डॉलर धरला. त्यावरील शंभरात तेवीस म्हणजे ६,९०० डॉलर त्यास आगाऊ मिळतील. ३०,००० मिळवून तितकेच खर्च करणाऱ्या कुटुंबाचा निव्वळ कर शून्य. ६०,००० मिळवून सर्व खर्च करणारे कुटुंब १३,८०० कर भरील, ६,९०० परत मिळवील. निव्वळ ६,९००, म्हणजे उत्पन्नाच्या शंभरात साडेअकरा. आता दहा लक्ष डॉलर मिळवून त्यांतील तीन लक्ष खर्च करणारे व उरलेले गुंतविणारे कुटुंब घ्या. ते ६९,००० भरील, ६,९०० मिळवील, निव्वळ ६२,१००. खर्चाच्या मानाने हे शंभरात २०.७ होतात, म्हणून समर्थक म्हणतात, पाहा, श्रीमंतावर दर अधिक आहे. उत्पन्नाच्या मानाने हेच शंभरात ६.२१ होतात, म्हणून विरोधक म्हणतात, पाहा, श्रीमंतावर दर मध्यमवर्गाच्या निम्म्याच्या आसपास आहे. पुन्हा तोच प्रकार: दोघेही खरे बोलतात आणि दोघेही ‘कशाच्या शंभरात?’ हा शब्द गाळतात.

समर्थक यावर म्हणतील की, आज शिल्लक टाकलेला पैसा उद्या खर्च होईलच आणि तेव्हा त्यावर कर बसेलच. मनुष्याचे सबंध आयुष्य हिशेबात धरले तर या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मोठी संपत्ती पुष्कळदा खर्चच होत नाही. ती पुढील पिढीकडे जाते, आणि या योजनेत वारशावरील करही उरत नाही. उलट ज्या वृद्ध दांपत्याने आयुष्यभर प्राप्तिकर भरून उरलेल्या पैशांतून थोडी पुंजी जमविली, त्याने निवृत्त झाल्यावर ती खर्च करावयास काढताच तिच्यावर दुसऱ्यांदा कर बसेल. संक्रमणाच्या काळातील हा अन्याय ‘रास्त’ या शब्दाच्या आवरणाखाली दिसेनासा होतो. या प्रकरणात खरोखर काही पणास लागले असेल, तर ते अशा माणसांचे उत्तरायुष्य होय.

याच संदर्भात दुसरा एक शब्द पाहण्यासारखा आहे. दरमहा आगाऊ द्यावयाच्या रकमेला विधेयकात ‘कुटुंबाचा उपभोग-भत्ता’ अशा अर्थाचे सरळ नाव आहे. चळवळीने मात्र तिला ‘प्रीबेट’ हे नाव दिले. ‘रिबेट’ म्हणजे दिलेल्या रकमेतून परत मिळालेली सूट. त्यातील ‘रि’ काढून ‘प्री’ लावला. मराठीत करावयाचे झाल्यास ‘पूर्वपरतावा’ असे काहीसे करावे लागेल, आणि त्यातील वदतोव्याघात लगेच दिसतो: जे अजून घेतलेच नाही ते परत कसे करणार? हा शब्द विनाकारण बनलेला नाही. ‘भत्ता’ म्हटला की सरकार कोट्यवधी कुटुंबांना दरमहा पैसे वाटणार हे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि शासनाचा पसारा कमी करू इच्छिणाऱ्या वाचकास ते रुचणारे नाही. ‘परतावा’ म्हटला की आपलेच पैसे आपणांस मिळतात असे वाटते. देय रक्कम तीच, तिची भावछटा पालटली.

५

पुस्तकातील सर्वांत मोठा घोटाळा मात्र ‘वेतन’ या साध्या शब्दात आहे. लेखक दोन आश्वासने देतात. एक, कामगारास त्याचे संपूर्ण वेतन, एकही डॉलर कापला न जाता, हाती पडेल. दोन, आजच्या किमतींत सुमारे शेकडा २२ इतके दडलेले कर आहेत. ते नाहीसे होताच किमती तितक्या उतरतील आणि नवा कर चढवूनही आजच्याच पातळीवर राहतील. दुसऱ्या विधानास हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ डेल जॉर्गेन्सन यांच्या संशोधनाचा आधार दिलेला आहे. हिशेबही जुळतो: शंभराची वस्तू ७८ ला येईल, आणि तिच्यावर तीस टक्के चढवले की पुन्हा शंभराच्या आसपास.

परंतु हे ‘दडलेले कर’ म्हणजे काय? त्यांत कंपनीच्या नफ्यावरील कर आणि वेतनावरील करातील मालकाचा वाटा आहे, हे खरे. पण त्यांत मोठा भाग कामगाराच्या वेतनातून आज कापल्या जाणाऱ्या करांचा आहे. हा भाग किमतीतून वजा व्हावयाचा तर मालकाचा खर्च कमी झाला पाहिजे, म्हणजे त्याने कामगारास यापुढे फक्त आजच्या हाती पडणाऱ्या रकमेइतकेच वेतन दिले पाहिजे. उलट कामगारास आजचे कापण्यापूर्वीचे वेतन द्यावयाचे तर मालकाचा खर्च तेवढा कमी होत नाही आणि किंमत बावीस टक्के उतरत नाही. पहिल्या आश्वासनात ‘वेतन’ याचा अर्थ कापण्यापूर्वीचे, दुसऱ्यात कापून उरलेले. एकच शब्द दोन वाक्यांत दोन अर्थांनी वापरून दोन्ही वाक्ये खरी असल्याचा भास उत्पन्न करणे, यास आपल्या नैयायिकांनी ‘छल’ म्हटले आहे. लेखकांनी हा छल जाणूनबुजून केला असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ते स्वतःच शब्दाच्या आहारी गेले असावेत. पण वाचकाचे घरखर्चाचे गणित त्यामुळे चुकते ते चुकतेच.

६

येथवर समर्थकांची भाषा पाहिली. विरोधकांची भाषा निर्दोष आहे असे नव्हे. ‘पावापासून औषधापर्यंत प्रत्येक वस्तूवर तीस टक्के कर’ अशा आशयाची वाक्ये २०२३ सालच्या वादात सर्रास ऐकू आली. त्यांत प्राप्तिकर आणि वेतनावरील कर रद्द होणार आहेत आणि दरमहा रक्कम मिळणार आहे, या दोन्ही गोष्टी अध्याहृत ठेवलेल्या असत. अर्धे वाक्य बोलून अर्ध्या वाक्याला उत्तर देण्याचाच हा प्रकार होय.

अधिक गंभीर टीका निराळ्या ठिकाणी आहे. अध्यक्ष बुश यांनी २००५ साली करसुधारणेसाठी नेमलेल्या सल्लागार मंडळाने किरकोळ विक्रीकराचा विचार केला. केवळ प्राप्तिकराची जागा भरून काढावयाची तरी दर शंभरावर किमान ३४ लागेल, असा अंदाज देऊन मंडळाने ही वाट स्वीकारू नये असा अभिप्राय दिला. मंडळाने तपासलेली योजना आणि पुस्तकातील योजना तंतोतंत एक नव्हेत, ही समर्थकांची तक्रार रास्त आहे. परंतु पुस्तकातील योजना वेतनावरील कर देखील रद्द करू पाहते, तेव्हा तिचा भार कमी नव्हे तर अधिक आहे. करचुकवेगिरीचा प्रश्नही आहेच. मूल्यवर्धित करात उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा कर गोळा होतो आणि एकाची पावती दुसऱ्यावर पहारा ठेवते. किरकोळ विक्रीकरात सारा भार शेवटच्या एका व्यवहारावर असतो. तो नोंदला गेला नाही तर सर्वच कर बुडाला. याशिवाय सरकारने स्वतःच्या खरेदीवर आणि नोकरांच्या वेतनावरही हा कर भरावा, अशी योजनेत तरतूद आहे. सरकारने सरकारास दिलेला पैसा जमेच्या बाजूस दिसतो खरा, पण त्याने तिजोरीत भर पडत नाही. आणि तो जमेस धरल्यानेच २३ हा आकडा इतका आटोक्यात राहतो, असा विल्यम गेल यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. त्यास समाधानकारक उत्तर आम्हांस पुस्तकात आढळले नाही.

करखाते ‘नाहीसे’ होण्याविषयीही असेच म्हणावे लागेल. ‘इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस’ हे नाव जाईल. परंतु विधेयकातच अर्थखात्यामध्ये विक्रीकरासाठी एक नवा विभाग योजलेला आहे. राज्यांची करखाती विस्तारतील, आणि दरमहाच्या रकमेसाठी कुटुंबांना आपल्या माणसांची नोंद कोठे तरी करावीच लागेल. संज्ञा लोपली म्हणजे संज्ञेय लोपते, असा समज भाषेच्या अभ्यासकाने तरी करून घेऊ नये.

७

अमेरिकेच्या करविषयक इतिहासात शब्दाच्या संदिग्धतेने केलेला हा पहिलाच पराक्रम नव्हे. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे राज्यघटना तयार होत असता २० ऑगस्ट रोजी रूफस किंग यांनी ‘प्रत्यक्ष कर’ याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न विचारला. आणि मॅडिसन यांच्या टिपणांनुसार कोणीही उत्तर दिले नाही. अर्थ न ठरलेला तो शब्द घटनेत गेला. पुढे १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच शब्दाच्या आधारे प्राप्तिकर घटनाबाह्य ठरविला, आणि तो पुन्हा बसविण्यासाठी १९१३ साली सोळावी घटनादुरुस्ती करावी लागली. आज त्याच दुरुस्तीच्या निरसनाची मागणी होत आहे. सात वर्षांत ती रद्द झाली नाही तर नवा विक्रीकरच संपुष्टात यावा, असे कलम विधेयकात आहे. एका प्रश्नाला न दिलेल्या उत्तराची किंमत सव्वाशे वर्षांनंतर मोजावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘शंभर कशाचे?’ हा प्रश्न वेळीच विचारण्यात किरकोळपणा वाटणार नाही.

आपल्या इकडील अनुभवही तोच धडा देतो. भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. तो अमेरिकेतील योजनेप्रमाणे प्राप्तिकराच्या जागी आलेला नाही, आणि त्याची वसुलीही टप्प्याटप्प्याने होते. परंतु दर सांगण्याची आपली रीत ‘शंभरावर’ अशी आहे, तर बंद वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ‘सर्व करांसहित’ छापलेली असते. अठरा टक्के दराची वस्तू ११८ रुपयांना घेणारा ग्राहक शंभरावर अठरा देतो, पण आपल्या हातच्या शंभरात सव्वापंधराच देतो. दोन्ही संख्या शेजारी छापल्या जात नाहीत, म्हणून या फरकाची जाणीव सहसा कोणास होत नाही.

आपल्याकडे प्राप्तिकर काढून टाकण्याची मागणीही अधूनमधून होते. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’ने आयातशुल्काखेरीज इतर सर्व कर रद्द करून बँकेतील जमेवर सुमारे दोन टक्के कर घ्यावा, असा प्रस्ताव मांडला आणि मराठी वाचकांत त्याची पुष्कळ चर्चा झाली. त्याच्या गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य नाही. तो विक्रीकर नव्हे. पण ‘दोन टक्के’ ऐकताच तोच प्रश्न उभा राहावा: दोन कशाच्या शंभरात? एकाच मालाची रक्कम पाच हातांतून पाच खात्यांवर जमा झाली, तर ते दोन टक्के एकदा की पाचदा?

बूर्ट्झ-लिंडर यांच्या पुस्तकाविषयी आमचे मत असे की, त्यातील तक्रार खरी, कल्पना विचारार्ह आणि भाषा अविश्वसनीय आहे. प्राप्तिकर जावा की राहावा, हे अमेरिकी मतदारांनी ठरवावे. पण ठरविण्यापूर्वी त्यांच्यापुढे पूर्ण वाक्य ठेवले गेले पाहिजे. कोणत्याही करप्रस्तावात दर सांगताना ‘किमतीवर तीस, म्हणजे दिलेल्या पैशात तेवीस’ असे दोन्ही आकडे एकाच ओळीत छापावे. ‘वेतन’ म्हटले तर कोणते, हे त्याच वाक्यात सांगावे. आणि रास्त की गैररास्त, हे नावात न घालता वाचकावर सोडावे. असे केल्याने वाद मिटणार नाही. परंतु तो निदान शब्दांविषयी न राहता कराविषयी होईल, आणि ज्या वृद्ध दांपत्याची पुंजी त्यात अडकलेली आहे, त्यास आपण कशास होकार देत आहोत हे मत देण्यापूर्वी कळेल.